बोकड कुणी राखायचा?

उस्मानाबादी शेळ्या बघायला बालाघाटावरच्या एखाद्या वाडीत गेलात तर शेळ्या दिसतील, पाटी दिसतील, डालग्याखाली कोंडलेली करडं दिसतील. भरल्या छातीचा, दोनदाती, देखणा बोकड मात्र बहुतेक दिसणार नाही. तो ईदीला गेलेला असतो, नाहीतर आखाडात. ज्याची वाढ चांगली त्याला गिऱ्हाईक आधी, आणि पोराची फी, बियाणं, दवाखाना यांतलं काहीतरी कायम दारात उभं असतं. मागं उरतो तो वाढीला मंद, पायानं अधू, कुणीच न मागितलेला. पुढच्या वर्षीच्या करडांचा बाप तो होतो.

या शेळीच्या जतनाबद्दल गेली कित्येक वर्षं बोललं जातंय. मेळावे होतात, प्रशिक्षणं होतात, ‘शेळी म्हणजे गरिबाची गाय’ हे वाक्य प्रत्येक भाषणात एकदा तरी येतं. सगळा हिशेब शेळीचा असतो: तिला चारा किती, करडं किती, नफा किती. बोकडाचा विषय निघालाच तर शेवटी, चहा आल्यावर. माझं म्हणणं उलट आहे. ही जात राहील की जाईल ते शेळ्यांच्या संख्येवर ठरणार नाही. गावात चांगला बोकड दोन वर्षं कोण सांभाळतो, त्यावर ठरेल.

०

धाराशिव आणि लातूर हा या शेळीचा मूळ मुलूख. १९८२ पर्यंत ते एकाच जिल्ह्यात होते. शेजारच्या बीड, सोलापूर, परभणी, नगरकडेही ती आहे, आणि कर्नाटक-तेलंगणाच्या लगतच्या पट्ट्यातही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या दफ्तरी आणि आठवडी बाजारात शेळी अजून उस्मानाबादीच आहे. बालाघाटाची रांग या मुलखातून जाते. उंची फार नाही, पण उतार उघडे, माती वीतभर, खाली मुरूम. पावसाचा भरवसा नाही. बोरी, बाभळी, हिवर, करवंदीच्या जाळ्या आणि कुसळी गवत, एवढंच रान. गाय-म्हैस जिथं तोंड लावत नाही तिथं ही मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीची फांदी खाली ओढते, आणि काटे चुकवून नेमका पाला तेवढा ओरपते. उन्हाळ्यात गवत संपतं तेव्हा झाडाखाली पडलेल्या बाभळीच्या शेंगा हाच तिचा खुराक.

रंग बहुधा काळाभोर. पाहण्यांमध्ये जवळपास तीन चतुर्थांश शेळ्या काळ्या आढळतात, बाकीच्या पांढऱ्या, तांबूस, ठिपकेवाल्या. कान मध्यम, लोंबते, कित्येकींच्या कानांवर पांढरे ठिपके. बोकडांना बहुतेक शिंगं असतात, शेळ्यांत काही बोडक्याही निघतात. पूर्ण वाढलेली शेळी साधारण ३२ किलोची आणि बोकड ३४ किलोच्या आसपास, म्हणजे अंगापिंडानं ही काही पहिलवान नव्हे. तिची कमाई वेतात आहे. पाच महिन्यांचा गाभणकाळ, नीट राखली तर दोन वर्षांत तीन वेतं, जुळी सर्रास, तिळी अधूनमधून. दूध जुळ्यांना पुरून घरात चहापुरतं उरेल इतकं. मटणाला चव, कातड्याला मागणी.

यातलं ‘जुळी सर्रास’ हे सगळ्यात महत्त्वाचं. तिन्ही वेतांत एकेकच करडू झालं तर दोन वर्षांत तीन जीव, जुळी झाली तर सहा. ज्या घरात कोरडवाहू दोन-अडीच एकर किंवा तेवढंही नाही, तिथं सोयाबीन बुडाल्यावर वर्ष निघतं ते या तीन जास्तीच्या करडांवर. आणि हा पैसा बहुतेक करून बाईच्या हातात राहतो. उसाचं बिल, पीकविमा, अनुदान, सगळं नवऱ्याच्या खात्यावर येतं. शेळी मात्र तिनं माहेराहून आणलेली असते, अर्धलीनं घेतलेली असते किंवा बचत गटाच्या कर्जातून उभी केलेली असते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागातल्या बायकांबरोबर काम करू लागलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेनं दुष्काळाच्या वर्षांत शेळ्या-कोंबड्यांसारख्या जोडधंद्यांकडे लक्ष दिलं, त्यामागं हेच साधं गणित होतं.

०

जात दुर्मिळ होतेय म्हटलं की जिल्ह्यातला कुणीही हसेल. रस्त्यावर गाडी थांबवून ठेवावी लागते इतक्या शेळ्या आडव्या येतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाख शेळ्या भरल्या. आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा ही वाढ पंचवीस टक्क्यांच्या वर होती. देशात १४ कोटी ८८ लाख. गाई-बैलांचे गोठे ओस पडत असताना शेळी वाढते आहे.

पण त्याच गणनेच्या जातवार तपशिलात देशातल्या निम्म्याहून अधिक शेळ्या कोणत्याच नोंदणीकृत जातीत बसत नाहीत. आपण ज्याला गावरान म्हणतो त्या या. आणि उस्मानाबादी म्हणून जी मोजली जाते ती कशावरून? गणनेला आलेला माणूस रंग बघतो. काळी आहे, कान लोंबते आहेत, लिहा उस्मानाबादी. तिची आई किती वेळा व्यायली, जुळी किती, बाप कुठला, हे त्याच्या रकान्यात नसतं आणि असतं तरी सांगणार कोण?

सरकारी योजनेनं या काळ्या रंगाची किंमत आणखी वाढवली. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट अनुदानावर देण्याची योजना आपल्याकडे जुनी आहे. २०२१ मध्ये तिचे दर सुधारले: उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी ८ हजार, बोकड १० हजार, आणि विमा, औषधपाणी धरून गट १ लाख ३ हजार ५४५ रुपयांचा. कोकण-विदर्भातल्या इतर स्थानिक जातींना शेळीमागे ६ हजार. ज्या नावाला जास्त दर ते नाव बाजारात भराभर पैदा होणारच. खरेदी समितीपुढं काळं जनावर उभं राहिलं की ते उस्मानाबादी. मुंबईत बसून ठरवलेला दर आणि तुळजापुरात भरलेला बाजार यांच्या मध्ये जातीची खात्री करणारं कुणी नसेल, तर हे उंटावरून शेळ्या हाकणंच झालं. योजना वाईट नाही. कितीतरी घरं तिच्यावर उभी राहिली. पण तिच्यामुळे जात जपली जाते हा दावा मला पटत नाही.

०

आठवडी बाजारात व्यापारी बोकड कसा बघतो ते जवळून बघण्यासारखं आहे. आधी तो जनावराकडे बघतच नाही, मालकिणीकडे बघतो. गरज किती आहे ते तिच्या उभं राहण्यावरून त्याला कळतं. मग डाव्या हातानं जबडा धरून खालचा ओठ अंगठ्यानं मागं सारतो. पुढचे दोन दुधाचे दात पडून रुंद दात आले असतील तर दोनदाती, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो, म्हणून ईदीच्या आधी सगळा बाजार या दोन दातांवर चालतो. मग पाठीचा कणा दोन बोटांत दाबत मागं जायचं, माकडहाडाजवळ मांस किती ते चाचपायचं, पुढच्या पायांमध्ये मूठ घालून छाती मोजायची. शिंग तुटलेलं नको, कान फाटलेला नको, लंगडा नको. शेवटी पोटाखाली हात घालून उचलायचं. त्याचा हात काटा असतो, आणि मालकिणीला तो आकडा तो कधीच सांगत नाही. “मावशे, आतून पोकळ हाय गं,” एवढंच.

हे सगळं मांसासाठी अगदी बरोबर आहे. घोटाळा होतो तो हीच नजर पैदाशीचा बोकड निवडायला वापरल्यावर. आईच्या पोटात एकटं वाढलेलं करडू जन्मतःच वजनदार असतं, सगळं दूध त्याचं एकट्याचं असतं. तीन महिन्यांत ते जुळ्यांपेक्षा थोराड दिसतं. चार बोकडांतून बघूनच निवडायचा तर हात त्याच्यावरच पडतो. म्हणजे जी जात जुळ्यांसाठी नावाजली, तिच्यात बाप म्हणून आपण एकलकोंडे बोकड निवडत जातो, आणि ते आपल्याला दिसतही नाही. ‘हा जुळ्यातला का एकटा?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. तो बाजारात कुणी विचारत नाही.

त्यात भर म्हणजे बोकड पाच-सहा महिन्यांचा झाला की फळवू शकतो. माळावर चार घरच्या शेळ्या एकत्र चरतात. माजावर आलेली शेळी आणि कुणाचाही मिसरूड फुटलेला बोकड, एवढ्यावर काम होतं. घरी आल्यावर बाईला एवढंच कळतं की शेळी गाभण आहे. आणि चांगल्या बोकडाला तर त्याच्या चांगुलपणामुळेच लहानपणी खच्ची करून टाकतात. अंग भरतं, वास येत नाही, भाव मिळतो.

०

नोंद ठेवून काय होतं हे बघायचं तर फलटणला जावं लागतं, म्हणजे सोलापूर ओलांडून सातारा जिल्ह्यात. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये तिथं स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेकडे, म्हणजे ‘नारी’कडे, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित शेळी सुधार प्रकल्पाचं उस्मानाबादी केंद्र २००९ पासून आहे. शेळीचं नाव मराठवाड्याचं, वही पश्चिम महाराष्ट्रात. याला आपण नाक मुरडू शकतो, पण वही ठेवली कुणी तर त्यांनी.

काम ऐकायला साधं आहे. शेळ्या शेतकऱ्याच्याच, गोठाही त्याचाच. प्रत्येक शेळीच्या कानात क्रमांकाचा बिल्ला. करडू जन्मलं की वजन, मग तीन, सहा, नऊ, बारा महिन्यांनी वजन. एकटं की जुळं, आई कोण, बाप कोण, आईचं दूध किती. या नोंदींतून आई-बापाच्या गुणांवर बोकड निवडायचे आणि ते किंवा त्यांचं वीर्य परत गावांत द्यायचं. कुणीही करू शकेल असं वाटतं. पण चांगला बोकड नऊ महिन्यांचा होईपर्यंत तो विकू नका, हे ज्याच्या दाराशी फायनान्सवाला बसला आहे त्याला सांगून बघा. बिल्ल्याचंही तसंच. कानाला भोक पडलं की ईदीचं गिऱ्हाईक खोट काढेल, या भीतीनं बोकडाला बिल्ला मारू न देणारी माणसं असतात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

बोकड पाळायचाच नसेल तर कृत्रिम रेतन हा दुसरा रस्ता. गाईला ते पन्नास वर्षं चाललंय, शेळीला मात्र अवघड जातं. माज जेमतेम दिवस-दीड दिवस टिकतो, हुकला की एकवीस दिवस थांबा. वीर्याची नळी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि ते भांडं वेळेवर भरावं लागतं. डॉक्टर एका शेळीसाठी वाडीवर येत नाही. यावर माण तालुक्यात चांगला तोडगा निघाला. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं गावातल्याच बायकांना हे काम शिकवलं. ‘शेळी डॉक्टर’ म्हणून त्या गाडीवरून भांडं घेऊन वस्त्यांवर जातात. माज ओळखायला बाईच लागते, कारण दिवसभर शेळीजवळ तीच असते: शेपटी सारखी हलते, ओरडते, चारा सोडते. हे पुस्तकात वाचून येत नाही. धाराशिवच्या आठही तालुक्यांत अशी माणसं गावोगाव हवीत. तुळजापूर तालुक्यात तीर्थ इथं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहेच, म्हणजे जागा आणि जनावर शोधायलाही जावं लागणार नाही.

इथे एक हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय बोकडाचं महत्त्व पटत नाही. एका वाडीत शंभर शेळ्या आणि दोन बोकड आहेत. आनुवंशिकशास्त्राचं सूत्र असं की नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोन्हींची बेरीज. म्हणजे आठशे भागिले एकशे दोन, उत्तर आठाच्या आत. डोळ्यांना एकशे दोन जनावरं दिसतात, पण रक्ताच्या नात्याचा विचार केला तर ती वाडी चार नर-चार माद्यांच्या कळपाइतकीच आहे. सुरक्षित मानतात तो आकडा किमान पन्नास. तिथं पोचायला शंभर शेळ्यांना चौदा-पंधरा वेगवेगळ्या घराण्यांचे बोकड लागतात, किंवा दोन-दोन वर्षांनी बोकड गावोगाव बदलावे लागतात. नाहीतर बाप-लेकीचा संकर होऊन करडं मरतुकडी निघतात आणि दोष चाऱ्याला दिला जातो.

०

मग बोअर येतो. पांढरं अंग, तांबूस डोकं, शंभर किलोच्या पुढं जाणारा बोकड. समाजमाध्यमांवर त्याचे व्हिडिओ बघून कर्ज काढणारे तरुण गावोगाव आहेत. उस्मानाबादी शेळीला बोअर लावला की करडू झपाट्यानं वजन धरतं, हे खरंच आहे. महाराष्ट्रात बोअर आणण्यात निंबकरांची संस्थाच आघाडीवर होती, तेव्हा हा काही देशी-विदेशीचा झगडा नव्हे. संकराचं करडू कापायला गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते संकराचा बोकड देखणा म्हणून पैदाशीला ठेवल्यावर. दोन पिढ्यांत शेळी काळीच राहते, पण बाभळीखाली पोट भरण्याची, उन्हात सात-आठ किलोमीटर चालण्याची आणि जुळी पोसण्याची तिची ताकद कुठं गेली ते कळत नाही. सिरोही, बीटल, सोजत यांच्या बाबतीतही हेच.

आणि बोअर काही आभाळातून पडला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केपमधल्या शेतकऱ्यांनी आपल्या गावरान शेळ्यांतूनच तो विसाव्या शतकात निवडत नेला. १९५९ मध्ये त्यांनी पैदासकारांची संघटना काढली, कुठला बोकड ठेवायचा याचे नियम लिहिले आणि पाळले. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून प्रो स्पेसी रारा ही संस्था डोंगरी शेळ्यांच्या विरळ जातींसाठी असंच करते: शेतकऱ्यांच्या गोठ्यातल्या जनावरांची वंशावळ लिहायची आणि बोकडांची अदलाबदल जुळवायची. आपण त्यांचा तयार बोकड विकत आणला, त्यांची वही आणली नाही.

०

बोकडानंतर दुसरा प्रश्न रानाचा, आणि तो जास्त कडवट आहे. शेळी ही झाडाची वैरीण, असं पाणलोटाच्या चळवळीनं आपल्याला शिकवलं. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारच्या नमुन्यात चराईबंदी आली. त्या गावांचं भलं झालं यात वाद नाही. पण बंदीनंतर भूमिहीन बाईच्या चार शेळ्यांचं काय झालं, हे त्या यशोगाथांत फारसं वाचायला मिळत नाही. माळ ओरबाडला जातो तो शेळीमुळे की माळच उरला नाही म्हणून? गायरानांवर अतिक्रमणं झाली, वाशी-भूमच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांचे रस्ते झाले. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आनंद आहेच. तोही याच भूमच्या माळावरच्या गवताचा खवा, हे मात्र कागदावर कुठं लिहिलेलं नसतं.

रान नाही म्हणून शेळी बंदिस्त झाली. मचाण, गव्हाण, मुरघास, सगळं ठाकठीक. बंदिस्त पालनात पैसा मिळतो, आंत्रविषार आणि पीपीआरच्या लसी वेळेवर टोचल्या जातात, कोल्हा-लांडग्याची भीती नाही. पण डोंगर चढणारं जनावर पिढ्यान्‌पिढ्या गव्हाणीवर ठेवलं तर त्याच्या पायातला डोंगर जाईल. कृत्रिम रेतनाच्या नळीत रक्त साठवता येतं, सवय साठवता येत नाही. कुठलं झुडूप कुठल्या महिन्यात खायचं हे करडू आईच्या मागं चालत शिकतं. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परांड्याच्या गावांना पुरानं वेढलं तेव्हा कितीतरी जनावरं दावणीलाच गेली. दुष्काळात तग धरायची सवय असलेल्या मुलखाला पाण्यानं गाठलं. बांधून ठेवलेल्या शेळीला तिचे पाय कसे उपयोगी पडणार?

०

बोकड राखण्याची एक रीत आपल्याकडे होती, आणि ती कुठल्या योजनेतून आलेली नव्हती. देवाला बोललेला बोकड. तुळजाभवानीचा, येरमाळ्याच्या येडेश्वरीचा, नाहीतर गावच्या मरीआईचा. नवसाला चांगलंच करडू लागतं, अव्यंग, बिनखोटीचं. एकदा बोललं की घरात कितीही नड आली तरी ते विकायचं नाही. नवस फिटेपर्यंत वर्ष जायचं, दीड वर्ष जायचं, कधी दोन. तेवढ्या काळात तो गावात मोकळा हिंडायचा, कुणाच्याही पाटीत तोंड घालायचा आणि वाडीतल्या शेळ्या फळवायचा. शेवट त्याचाही कंदुरीतच, पण मागं पोरंबाळं ठेवून. मी या प्रथेची आरती ओवाळत नाही. पण उत्तम नर ठरवून बाजूला काढायचा आणि त्याला ठराविक काळ बाजारापासून वाचवायचं, हे काम तिनं केलं. आता नवसाचा बोकडही आदल्या दिवशी बाजारातूनच येतो.

देवाची भीती परत आणता येत नाही, तेव्हा पैशानं काम करावं लागेल. वाडीतल्या चार चांगल्या शेळ्यांची, म्हणजे जुळी देऊन दोन्ही जगवणाऱ्यांची, नोंद बचत गटाच्या वहीत ठेवायची. त्यांच्या पोटचा बोकड बाईनं विकू नये म्हणून ईदीला त्याला जो भाव आला असता तो तिला तिथल्या तिथं द्यायचा, आणि वर खुराकाचे पैसे. फळवणीला दर ठरवायचा. दोन वर्षांनी बोकड शेजारच्या तालुक्यात पाठवायचा, तिथला इकडं आणायचा. योजनेतल्या १० हजारांत हे बसत नाही, देखण्या बोकडाला ईदीच्या बाजारात त्याहून कितीतरी जास्त मिळतात. तरी एका वाडीला दोन बोकड धरले तर सबंध तालुक्याचा खर्च एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाच्या मांडवाएवढा होईल.

अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, पुढच्या काही वर्षांत ती ऐन उन्हाळ्यात, मग मार्चकडे येईल. जिल्हा परिषदेचा निधी एप्रिलमध्ये मंजूर होऊन यायचा, प्रस्ताव पावसाळ्यात मागवायचे, छाननी दिवाळीनंतर आणि रक्कम मार्चअखेर, हा आपला शिरस्ता. व्यापारी मात्र ईदीच्या महिनाभर आधीच टेम्पो घेऊन वाडीवर येतो आणि नोटा मोजून देतो. राखणीचा पैसा त्याच्या आदल्या आठवड्यात बाईच्या हातात पडणार असेल तरच ती त्याला नाही म्हणेल. त्यासाठी पशुधन विकास अधिकाऱ्याच्या टेबलावर आर्थिक वर्षाच्या शेजारी चांद्र कॅलेंडरही टांगावं लागेल, आणि रक्कम आधी देऊन कागद मागून पुरे करण्याची मुभा त्याला वरून लेखी मिळायला हवी.